घराची दुरुस्ती : पावसाचा हिशेब आधी, हौसेचा नंतर

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास चातुर्मास संपतो, साधु-साध्वींचे विहार सुरू होतात आणि त्याच दिवसांत रत्नागिरीतील गवंडी, सुतार, रंगारी यांना उसंत मिळेनाशी होते. दिवाळीनंतर उघडलेला हा हंगाम मेच्या मध्यापर्यंत चालतो. मृगाच्या आधी जे काम पुरे झाले नाही, ते पुढचे चार महिने ताडपत्रीखाली भिजत राहते. म्हणून घराला हात लावायचा विचार ज्या कुटुंबांत चालू आहे, त्यांनी कार्तिकातच कागद-पेन घेऊन बसणे इष्ट. चातुर्मासात खोदकाम व बांधकाम टाळण्याची जैन परंपरा आणि कोकणचा पाऊस यांचे पंचांग येथे आपोआप जुळते.

घर सजवण्याच्या कल्पना आता घराघरांत मोबाइलवरून येतात. मोठ्या मापाच्या चकचकीत व्हिट्रिफाइड फरश्या, फॉल्स सीलिंगमध्ये लपवलेले दिवे, दिवाणखान्याशी जोडलेले खुले स्वयंपाकघर, भिंतीवर लाकडी किंवा पीव्हीसीचे पॅनेल, मोठ्या काचांच्या खिडक्या, हालचाल ओळखून आपोआप लागणारे दिवे ही सध्याची लोकप्रिय यादी आहे. यातील काहीही मुळात वाईट नाही. मात्र ही चित्रे बहुधा कोरड्या हवेच्या शहरांतील घरांची असतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, समुद्राचा खारा वारा आणि चार महिन्यांची ओल यांच्या परीक्षेत त्यांतील कोणती गोष्ट उतरेल, हा प्रश्न रत्नागिरीकराने स्वतःच विचारावा लागतो.

जुन्या घरांनी दिलेले उत्तर

या प्रश्नाचे एक उत्तर गावातच उभे आहे. लोकमान्य टिळकांचे १८५६ सालचे जन्मस्थान आज स्मारक म्हणून जपलेले आहे. उतरते कौलारू छप्पर, ओटी, पडवी आणि माजघर अशी त्याची कोकणी घडण. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी बांधलेला आणि १९१० साली पुरा झालेला थिबा राजवाडाही जांभ्या दगडाचाच. एक घर साधे, एक राजेशाही. पण उतरते छप्पर, जाड चिऱ्याच्या भिंती आणि वारा खेळता ठेवणारी दारे-खिडक्या हे सूत्र दोन्हींत सारखेच. मंगळुरी कौलांचा इतिहासही फार जुना नाही. बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. म्हणजे आपले पूर्वजही त्या काळी ‘नवी पद्धत’ स्वीकारतच होते. फक्त पावसाला विचारून स्वीकारत होते.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो, तसेच उघडीप मिळताच ते सोडूनही देतो. अशा भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा आणि त्यावर तैलरंग दिला की आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडण्याची वाट उरत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगतो, पुट्टीचे पोपडे सुटतात आणि दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो. जुनी चिरेबंदी भिंत असेल तर शक्य तेथे चुन्याचा गिलावा द्यावा किंवा चिरा उघडाच ठेवून सांधे नीट भरून घ्यावेत. उघडा जांभा आज शहरांतील वास्तुरचनाकार हौसेने वापरतात. ज्यांच्या घरी तो आयता आहे, त्यांनी तो पॅनेलखाली झाकण्यासाठी पैसे मोजू नयेत.

ओल हा पहिला खर्च

नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ छपराची असावी. कौलारू घर असेल तर वासे, रिपा आणि कोनवासा तपासून कुजलेले लाकूड बदलावे. स्लॅबचे घर असेल तर छतावर हातोडीने हलके ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर आतली सळई गंजून फुगली आहे आणि काँक्रीट सुटू लागले आहे, असे समजावे. असा भाग खरवडून, सळई साफ करून, योग्य द्रव्याने भरून घेतल्याशिवाय त्याखाली फॉल्स सीलिंग करणे म्हणजे आजारावर शाल पांघरणे होय. वरची गळती दिसेनाशी होते, थांबत नाही. शिवाय छत आणि सीलिंग यांमधल्या अंधाऱ्या पोकळीत पाली, कोळी, उंदीर यांची वस्ती होते. गच्चीवर जलरोधक लेप दिल्यावर किमान चोवीस तास पाणी साठवून ठेवावे, खाली थेंब येतो का ते पाहावे आणि मगच पुढचे काम सुरू करावे.

गच्चीवर पत्र्याचे छप्पर घालण्याची पद्धत आता कोकणात सर्वत्र दिसते. ती उपयुक्त आहे. स्लॅब कोरडा राहतो आणि वाळवणासाठी जागाही मिळते. परंतु ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागांत किती छपरे उडवली, हे विसरून चालणार नाही. पत्र्याच्या जाडीइतकाच विचार त्याच्या पकडीचा, म्हणजे खांबांच्या पायाचा, आडव्या पट्ट्यांमधील अंतराचा आणि कडेच्या स्क्रूंचा करावा. त्यासाठी नगरपरिषदेची किंवा ग्रामपंचायतीची, सदनिका असल्यास सोसायटीची परवानगी आधी घ्यावी. समुद्र किंवा खाडीच्या लगतच्या जागेस किनारा नियमनाचे नियम लागू आहेत का, हेही पाहून घ्यावे.

जैन कुटुंबासाठी ओलीचा प्रश्न केवळ भिंतीचा नाही. शेवाळ आणि बुरशी यांना शास्त्राने अनंतकाय मानले आहे. एका इवल्याशा हिरव्या डागात अनंत जीवांची वस्ती मानणारा श्रावक दरवर्षी ऑगस्टमध्ये न्हाणीघराची भिंत घासून काढतो, तेव्हा ती हिंसा त्याला टाळता येत नाही. भिंत कोरडी ठेवली असती तर ती टळली असती. हाच न्याय वाळवीला लागू होतो. वाळवी लागल्यावर औषध मारण्यापेक्षा ती लागणारच नाही अशी रचना करणे अधिक अहिंसक आणि अधिक स्वस्तही. दाराच्या चौकटी खालच्या बाजूस दगडाच्या घ्याव्यात, लाकूड जमिनीपासून उंच ठेवावे, भिंतीलगत पाणी साचू देऊ नये. जयणा म्हणजे केवळ पुंजणीने झाडणे नव्हे. जीवोत्पत्तीला कारणच न देणारे घर बांधणे हीही जयणाच आहे.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर

स्वयंपाकघरावर सर्वांत जास्त खर्च होतो, म्हणून तेथे सर्वांत जास्त विचार हवा. चोविहार पाळणाऱ्या घरात सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते. तेव्हा महागड्या दिव्यांपेक्षा पश्चिमेचा उजेड ओट्यापर्यंत आणि पानापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे. उभ्या भिंतीऐवजी मोठी जाळीची खिडकी घेतली तर दिव्याची गरजही कमी होते आणि किडे-पतंगही आत येत नाहीत. खुले स्वयंपाकघर सुरेख दिसते. परंतु फोडणीचा धूर आणि तेलाचा चिकटा दिवाणखान्यातील पडद्यांपर्यंत जातो. सरकत्या काचेच्या दाराने दोन्ही गोष्टी साधतात.

मॉड्यूलर कपाटे घेताना प्लायवुडवरील शिक्का स्वतः वाचावा. पाण्याजवळच्या भागासाठी आयएस ७१० या मानकाचे मरीन प्लायवुड घ्यावे. भुसा दाबून केलेले बोर्ड दिसायला तसेच असतात, पण कोकणच्या दमटपणात फुगतात. बिजागऱ्या, जाळ्या व हँडल यांसाठी ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील घ्यावे. समुद्रासमोरच्या घरात ३१६ दर्जाचे घेतल्यास ते खाऱ्या हवेत अधिक टिकते. कपाटे जमिनीला टेकवून बंद करू नयेत. चार-पाच इंच उंच पायांवर ठेवली तर खालून रोज झाडता येते, झुरळे-मुंग्यांना दडायला जागा राहत नाही. पाणी गाळण्याची व उकळण्याची जागा सुरुवातीच्या आराखड्यातच दाखवावी. नंतर ती शोधण्याची वेळ आली की पातेले नेमके चुलीशेजारच्या अरुंद कोपऱ्यात जाऊन बसते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मोरीत सोडू नये; बादलीत घेऊन धुण्याभांड्यासाठी वापरावे, कारण अप्कायाची जयणाही श्रावकाच्या आचारात आहेच.

न्हाणीघरात चकचकीत फरशी हा सर्वांत महाग पडणारा मोह आहे. त्याची किंमत दुकानात नव्हे, इस्पितळात कळते. खरबरीत, न घसरणाऱ्या फरश्या, कमोडजवळ व न्हाणीच्या जागी पकडायला मजबूत दांडी, उंबरठ्याऐवजी सौम्य उतार आणि रात्री वाटेवर मंद दिवा एवढ्या गोष्टींनी घरातील आजी-आजोबांचे आयुष्य सुरक्षित होते. हालचालीवर आपोआप लागणारे दिवे आणि नळ मात्र प्रवेशद्वारी व जेवणघराच्या वाटेवर बसवू नयेत. गोचरीसाठी महाराजसाहेब पायरी चढताच त्यांच्या निमित्ताने दिवा लागला, तर त्यांना विराधनेचा दोष लागतो आणि ते परत फिरतात. बसवायचेच असतील तर ते सहज बंद करता येईल असे बटण हवे. सामायिकासाठीही एक हवेशीर, शांत कोपरा आराखड्यात राखून ठेवावा. त्याला सजावट लागत नाही.

जुना रंग खरवडताना तोंडाला मास्क हवा आणि लहान मुले दूर हवीत. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाच्या थरांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ मुलांना विशेष घातक असते. कारागिरांनाही हातमोजे, पिण्याचे पाणी आणि उंचावर काम करताना भक्कम पराती पुरवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. अहिंसेचे पालन किड्या-मुंग्यांपासून सुरू होते आणि माणसापाशी थांबते, असे होऊ नये.

वीज, सौरऊर्जा आणि विमा

जुने वायरिंग बदलण्याचा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो पुढे ढकलला जातो. वास्तविक ओल्या भिंतीच्या गावात तो पहिल्या क्रमांकाचा आहे. उत्तम अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण प्रत्येक घरात असावे. पंखे बदलायचे असतील तर बीएलडीसी पंख्याचा हिशेब करून पाहावा. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नवा सुमारे ३० वॅट. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे वर्षाला सुमारे १९७ युनिट वाचतात. पाच पंख्यांचे जवळजवळ एक हजार युनिट झाले.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत घराच्या छपरावरील सौरसंचास १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा अधिकास ७८,००० रुपये अनुदान ठरलेले आहे. छपराचे काम काढणारच असाल तर सौरसंचाचा सांगाडा त्याच वेळी बसवावा, म्हणजे जलरोधक थराला पुन्हा भोके पडत नाहीत. पावसाळ्यात उत्पादन घटते, हे परतफेडीचा काळ मोजताना धरावे.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणच्या बाजारपेठेत जे केले, ते जिल्ह्यातील प्रत्येक व्यापाऱ्याच्या स्मरणात आहे. खाली दुकान आणि वर घर, ही आपल्या समाजाची जुनी रचना. अशा इमारतीत नूतनीकरण करताना वीजमीटर, मुख्य स्विच आणि तळमजल्यावरील सॉकेट जितके उंच नेता येतील तितके न्यावेत, तळाला लाकडी पॅनेल टाळावे, कागदपत्रांचे कपाट वरच्या मजल्यावर ठेवावे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते. तीत वादळ व पूर यांचा समावेश आहे. इमारतीची विमारक्कम बाजारभावावर नव्हे, पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरते, म्हणून नूतनीकरणानंतर ती वाढवून घ्यावी. इमारतीच्या विम्याबरोबर घरातील सामान्य सामानालाही विमारकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. दुकानातील माल मात्र त्यात येत नाही. त्याचा विमा स्वतंत्रच काढावा लागतो.

पैशाची शिस्त

व्यापारी कुटुंबात घराच्या कामासाठी पैसा बहुधा गल्ल्यातून येतो, आणि तेथेच घोटाळा होतो. कॅश क्रेडिट खाते मालाच्या खरेदीसाठी असते. त्यातून फरश्यांचे पैसे दिले की दिवाळीच्या मालासाठी हात आखडतो, बँकेच्या दृष्टीने ते निधीचे अन्यत्र वळवणे ठरते आणि त्या रकमेवरील व्याज व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. तसेच घराच्या साहित्याची बिले दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घेऊन कराचे क्रेडिट मागणे कायद्याला धरून नाही. वैयक्तिक वापराच्या वस्तूंवर ते मिळत नाही. एकाच व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यासही मनाई आहे. सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने काढलेली अंदाजपत्रके पुन्हा तपासून घ्यावीत.

कर्ज काढायचेच तर ते घराच्या नावाने काढावे. समजा, पाच लाख रुपये पाच वर्षांसाठी हवे आहेत. गृहदुरुस्ती कर्ज ९ टक्क्यांनी मिळाले तर मासिक हप्ता सुमारे १०,३८० रुपये बसतो. वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी घेतले तर सुमारे ११,६३५. पाच वर्षांत फरक ७५,००० रुपयांच्या आसपास जातो. जुनी करप्रणाली स्वीकारणाऱ्यांना स्वतः राहत्या घराच्या दुरुस्ती-नूतनीकरणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला कमाल ३०,००० रुपयांची वजावट मिळते. खोली वाढवणे, मजला चढवणे यांसारख्या कायमस्वरूपी सुधारणांची बिले जपून ठेवावीत. पुढे घर विकताना तो खर्च भांडवली नफ्याच्या गणनेत धरता येतो. नेहमीची रंगरंगोटी धरता येत नाही.

नमुन्यादाखल दहा लाखांचा अंदाज घेतला तर छप्पर व जलरोधनास तीन लाख, वीज व नळकामास दोन लाख, स्वयंपाकघर व न्हाणीघरास अडीच लाख, फरशी व रंगास एक लाख आणि उरलेले दीड लाख अकल्पित खर्चासाठी राखीव, अशी विभागणी समंजस ठरेल. कंत्राट लेखी असावे. कामाचे टप्पे, साहित्याचा दर्जा आणि मुदत त्यात असावी. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि कंत्राटदाराचे शेवटचे १० टक्के पहिला मोठा पाऊस पाहून द्यावेत, असे आधीच लिहून घ्यावे. कारागिरांची मजुरी मात्र ठरल्या दिवशी पोहोचते, याकडे मालकाने लक्ष ठेवावे.

घर कोणाचे, हे आधी

या सर्वांआधी एक कागद काढून पाहावा, तो म्हणजे घराचा मिळकत पत्रक उतारा. अनेक घरांवर अजून आजोबांचे नाव असते. तीन भावांपैकी एक रत्नागिरीत राहतो, एक मुंबईला, एक सुरतेला. राहणारा भाऊ प्रामाणिकपणे बारा-पंधरा लाख घालून घर उभे करतो. वीस वर्षांनी वाटणीची वेळ येते. खर्च करणाऱ्याला वाटते की आपला पैसा मोजला जावा. दूर असलेल्यांना वाटते की इतकी वर्षे घर तर त्यानेच वापरले. दोघांच्या म्हणण्यात तथ्य असते आणि कागद मात्र एकही नसतो. मग पर्युषणात खमतखामणा करणारे भाऊ कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटतात. हे टाळायला फार काही लागत नाही. वारसनोंद पुरी करावी, घर हिंदू अविभक्त कुटुंबाचे की वैयक्तिक हे सनदी लेखापालाकडून स्पष्ट करून घ्यावे आणि खर्च कोण, किती व कोणत्या नात्याने करणार, याचा साधा करार सर्व भावांच्या व बहिणींच्या सह्यांनी करावा. वडीलधारी मंडळी हयात असताना हा कागद हसतखेळत होतो; त्यांच्या पश्चात त्याच कागदाला वकील लागतो.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाची मर्यादा घालून घ्यायची असते, आणि त्या मर्यादेच्या यादीत क्षेत्र व वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, अगदी आरंभीच येतात. तेव्हा नूतनीकरणाचा आकडा ठरवणे ही केवळ हिशेबाची बाब राहत नाही. ते परिमाण ठरवणेच असते. घरातील सर्वांनी एकत्र बसून तो आकडा काम सुरू होण्यापूर्वी वहीत लिहावा, खाली तारीख घालावी आणि शेजारच्या घरी नवे झुंबर लागले म्हणून त्यात खाडाखोड करू नये. यंदा मेअखेरपर्यंत काम आटोपायचे असेल, तर छपराची पाहणी आणि उताऱ्याची मागणी या दोन गोष्टी याच महिन्यात उरकून घ्याव्यात.